विचारणारं धनुष्य

सांगा बघू, घरात माणसं दोन आणि धनुष्य एकच, तर ते धनुष्य कुणाचं?

बाबांचं? का रे, बाबांचंच का? बरं, राहू दे. आधी गोष्ट ऐका, मग सांगा. आणि तनू, गोधडी दोघांत आहे, एकटीने ओढू नकोस.

एक होता राजा. त्याचं राज्य म्हणजे एक उंच डोंगर. डोंगरावर कारवीचं रान आणि रानाच्या कडेने नाचणीची शेतं. एवढंच. पण राजा तो राजाच, बरं का. डोक्याला लाल पागोटं, पायांत करकरणारे जोडे.

त्या डोंगरावर एक रीत होती. प्रत्येक घराला राजाकडून एक धनुष्य मिळायचं. आपण चित्रात बघतो तसं नाही हं. एक लाकडी दांडा, दांड्याच्या टोकाला आडवं बसवलेलं धनुष्य, आणि त्याच्या पुढे एक लोखंडी कडी. कडीत पाय घालायचा. दोन्ही हातांनी दोरी ओढायची. ती खाचेत अडकवायची. मग बाण ठेवायचा. दांड्याखाली असायचा खटका. तो दाबला की बाण सुटला, सूंऽऽ!

हे धनुष्य घराच्या मधल्या खांबाला टांगलेलं असायचं. त्याला हात लावायचा तो फक्त घरच्या पुरुषाने. बाई केर काढायला लागली की त्या खांबाला वळसा घालून जायची. आणि ज्या घरात धनुष्य ओढणारा पुरुष नाही, त्या घराने काय करायचं? घर रिकामं करायचं आणि डोंगर उतरून जायचं. ही रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी पाळतो म्हणून आपण पाळायची.

त्या डोंगरावर लाडकू आणि बारकी असं एक जोडपं राहायचं. लाडकू उंच, हडकुळा, नजर घारीसारखी. बारकी नावाचीच बारकी. दळून, कांडून, मोळ्या वाहून तिच्या दंडात चांगला जोर आला होता. झोपडी त्यांनी स्वतः बांधलेली. भिंती सारवायला माती बारकीने आणली, छपराला गवत लाडकूने कापलं.

मग एकदा काय झालं, लाडकू मध काढायला कड्यावर चढला. वेल तुटला आणि तो उजव्या खांद्यावर आपटला. पाठीवरचं धनुष्य अंगाखाली सापडलं, त्याचे दोन तुकडे झाले. खांद्याचं हाड बसलं, पण वाकडं बसलं. जोर लावला की अशी कळ यायची की डोळ्यांपुढे काजवे.

आणि नेमकं तेव्हाच रानात एक डुक्कर आलं. साधंसुधं नाही हो. रेड्याएवढं अंग आणि लोखंडाचे सुळे. एका रात्रीत अख्खं शेत उलटंपालटं करायचं. राजाने हुकूम काढला, रोज एका घराने शेतावर जायचं आणि डुकराला मारायचं. कुणाचा बाण सुळ्यावर आपटून परत यायचा. कुणी झाडावरून खालीच उतरायचं नाही. होता होता लाडकूच्या घराची पाळी आली.

गोमा नाईक होता राजाचा हुकूम सांगणारा. तो दारात येऊन उभा राहिला.

"लाडकू, उद्या पाळी तुझी. ओढशील का दोरी?"

लाडकूने उजवा खांदा धरला.

"नाही ना? मग उगाच लाजू नकोस. बोचकी बांध. नदीपलीकडे जागा पुष्कळ आहे."

बारकी चुलीपुढे बसली होती. ती उठली आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"दोरी मी ओढेन," ती म्हणाली. "नेम तो धरेल."

नाईक हसायला लागला. "एक धनुष्य आणि दोन माणसं? ती काय भाकरी आहे, बारके, अर्धी तुला, अर्धी त्याला?"

"भाकरी मोडता येते नाईक, धनुष्य मोडता येत नाही. म्हणून अख्खंच दोघांना हवं."

"राजा देणार नाही."

"मग नाही म्हणून राजालाच सांगू दे. तुमच्या तोंडचं नाही मला चालायचं नाही."

ऐकलंत? अशी होती ती.

मग दोघं राजाकडे गेली. बारकीने मान खाली घातली नाही. राजाने सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "धनुष्यघरात जा. दोघांच्या हाताला चालेल असं धनुष्य सापडलं तर घ्या. नाही सापडलं, तर उद्या घर रिकामं." राजाला वाटलं, असं धनुष्य आहेच कुठे!

पण एक गोष्ट सांगायची राहिली, बरं का. त्या धनुष्यघरातली धनुष्यं बोलायची. दोरी ताणली की त्यांना कंठ फुटायचा.

धनुष्यघराची किल्ली असायची नाईकाकडे. त्याने कुलूप काढलं आणि तोही मागोमाग आत आला. दारातच एक धनुष्य होतं, चांदीने मढवलेलं. बारकीने कडीत पाय घातला, दोरी ओढली, खाचेत अडकवली. बाण ठेवला नाही हं, नुसती कारवीची काडी ठेवली. पारखायचं तर काडीने पारखावं, हे तिचं तिलाच सुचलं.

ते धनुष्य किणकिणत म्हणालं, "मला घ्या! माझ्याइतकं चपळ कुणी नाही. तुमच्या मनात यायच्या आधी मी सुटतो!"

लाडकूने ते हळूच भिंतीला टेकवलं आणि हात काढून घेतला. तेवढ्यात नाईकाला आली शिंक. आऽऽक्छी! आणि खटक्याला कुणी हात न लावता काडी सुटली ती थेट नाईकाच्या पागोट्यात. पागोटं उडून कोपऱ्यात.

हसा, हसा. लाडकूसुद्धा हसला, कितीतरी दिवसांनी.

"शिंकेला सुटतं हे," बारकी म्हणाली. "आमच्या घरी चुलीचा धूर असतो. आम्ही दिवसभर शिंकतो. नको."

मग ती दुसऱ्या धनुष्याकडे गेली. ते होतं शिसवीचं, काळंभोर, दाराच्या फळीएवढं. बारकीने दात आवळले, पाठ ताठ केली आणि ओढली दोरी. नाईकाचं तोंड उघडंच राहिलं. ते धनुष्य घुमल्यासारखं बोललं, "मी राजाच्या आजोबांचा. मी एकालाच धनी मानतो. तुमच्यातला धनी कोण?"

लाडकूने ते डाव्या खांद्याला लावलं, तर ते थरथरायला लागलं, दांडा गालावर थाडथाड आपटायला लागला.

"दोरी ओढली तिने, तू कोण?" धनुष्य गुरगुरलं.

"मी तिचा नवरा."

"मग तू धनी हो आणि तिला सांग, लांब हो. नाहीतर ती धनी होईल आणि तू लांब हो."

लाडकूने बारकीला दोरी हळूच उतरवायला सांगितली आणि धनुष्य जागेवर ठेवलं. "आमच्या घरात असा एक धनी नाही," तो म्हणाला. "आणि करायचाही नाही."

नाईक म्हणाला, "झालं? आता जा घरी. बोचकी बांधा."

पण बारकी कोंड्याची पोती बाजूला सारत होती. पोत्यांमागे होतं एक धनुष्य, धुळीने माखलेलं. ना चांदी, ना नक्षी. दांडा हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

"ते? ते भित्रं आहे," नाईक म्हणाला. "चौकशा करत बसतं. शिकार पळून जाते तरी त्याचे प्रश्न संपत नाहीत. म्हणून तर कुणी नेत नाही."

बारकीने दोरी ओढली. काडी ठेवली. धनुष्याने घसा खाकरला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "समोर कोण?"

"भिंत," लाडकू म्हणाला.

"मागे कोण?"

"माझ्या मागे?"

"तुझ्या नव्हे रे. ज्याच्यावर सोडणार, त्याच्या मागे."

"अं… भिंतीमागे गोठा आहे. गोठ्यात गाय."

"शेजारी कोण?"

"शेजारी बारकी."

"आता सांग, सोडू का?"

लाडकू म्हणाला, "नको. गाय आहे." आणि त्याने खटका दाबून बघितला, तर खटका दगडासारखा. काडी जागची हलली नाही. त्याने धनुष्य हलवलं, पायरीवर दाणकन टेकवलं. नाईक मुद्दाम शिंकला. काही नाही. मग बारकीने ते काखेत धरून बघितलं, लाडकूने डाव्या खांद्याला लावून बघितलं. दोघांनाही बसलं.

"माझे डोळे नाहीत," धनुष्य म्हणालं. "डोळे तुमचे. खरं सांगाल तेव्हाच सुटेन. मग हात कुणाचाही असो."

"हेच," लाडकू आणि बारकी एकदमच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायच्या आधी दोघं शेताच्या बांधावर जाऊन बसली. गोमा नाईक बसला झाडावर, चांगला उंच. आणि राजा? राजा बसला समोरच्या कारवीत, लपून. शिकाऱ्याच्या समोर कुणी बसतं का? पण त्या राजाला तशी सवय होती. डुक्कर आलं की शिकाऱ्याचा चेहरा घाबरतो का, ते त्याला समोरून बघायचं असायचं. त्याचा बाप तसाच बसायचा. आजोबाही तसेच बसायचे. बाण आपल्यालाच लागेल, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही.

मग कारवी खसखसली. डुक्कर आलं. सुळे मावळतीच्या उन्हात लखलखले. बारकीने कडीत पाय घातला, दोरी ओढली, अडकवली, बाण ठेवला. लाडकूने धनुष्य डाव्या खांद्याला लावलं.

"समोर कोण?" धनुष्याने विचारलं.

"डुक्कर."

"मागे कोण?"

"कारवी," लाडकू पटकन म्हणाला. आणि खटका दाबला. खटका दगड!

"नीट बघ," धनुष्य म्हणालं.

डुक्कर पुढे येत होतं. झाडावरून नाईक ओरडला, "अरे सोड! सोड ना!"

बारकीने डोळे बारीक केले. कारवीत काहीतरी लाल होतं. कारवीला लाल फूल येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

"लाडकू, मागे माणूस आहे," ती म्हणाली.

"बारके, राजाचा हुकूम आहे, बाण सोडा!" नाईक किंचाळला. "नाहीतर घर गेलं तुमचं!"

सांगा, घर जाणार म्हटल्यावर कुणीही काय केलं असतं? पण बारकी उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "नाही सोडत! घर गेलं तर गेलं. माणसावर बाण सोडणार नाही, हुकूम कुणाचाही असू दे!"

तिचा आवाज ऐकून डुक्कर थबकलं. त्याने मान वळवली आणि आलं की बारकीच्या अंगावर, आडवं, उजवीकडून. लाडकूचा खांदा त्या बाजूला वळेना. त्याने एक क्षणही घालवला नाही. "घे!" म्हणाला आणि धनुष्य तिच्या हातात दिलं.

"समोर कोण?"

"डुक्कर!"

"मागे कोण?"

"मोकळा कातळ!"

"शेजारी कोण?"

"माझा लाडकू, माझ्या मागे वाकलाय!"

"मग सोडू?"

"सोड!" आणि तिने खटका दाबला. तो आता लोण्यासारखा मऊ. सूंऽऽ! बाण सुळ्यांच्या मधून गेला आणि डुक्कर धाडकन कोसळलं. दोन्ही सुळे गळून कातळावर पडले, खण्, खण्.

रान कसं शांत झालं.

मग नाईक झाडावरून उतरला. आणि म्हणतो काय, "रीत मोडली! खटका बाईने दाबला. घर रिकामं करा!"

तेवढ्यात कारवीतून राजा बाहेर आला. पागोटं वाकडं झालेलं.

बारकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत, आवाज चढवलाही नाही. "महाराज, डुक्कर मेलं. आमची पाळी झाली. घर आम्ही दोघांनी बांधलंय, ते आम्ही सोडत नाही. हे विचारत नाही, सांगते."

राजाने धनुष्याकडे बघितलं. मग मागे वळून आपण बसलो होतो त्या कारवीकडे बघितलं. "मागे मीच होतो," तो म्हणाला. आणि नाईकाला म्हणाला, "गोमा, घर त्यांचं. धनुष्य त्यांचं, दोघांचं. आणि धनुष्यघराची किल्ली इकडे दे."

मग त्या लोखंडी सुळ्यांचे विळे झाले आणि नाचणीच्या कापणीला सगळ्या डोंगराला पुरले. लाडकू आणि बारकी सुखाने राहिली. धनुष्य त्यांनी खांबालाच टांगलं, पण जरा खाली, बारकीचा हात पोचेल असं. केर काढताना ती त्याच्या खालून सरळ जायची.

झालं. आता पाय आत घ्या, डोळे मिटा, आणि गोधडी दोघांनी सारखी घ्या. काय गं? डुक्कर मेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काय झालं? सांगते, पण मग एक शब्दही नाही हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन धनुष्यघरापुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि राजाने स्वतः कुलूप काढलं.