कार्डाच्या पाठीवरचा कागद

फार जुनी नाही, पण कंप्युटरचे सुटे भाग आपापसांत बोलायचे तेव्हाची गोष्ट. शाल्मलीने समुद्राच्या थीमचा गेमिंग कंप्युटर जुळवायला घेतला. निळ्या पाण्याने थंड राहणारा, पोवळ्यासारख्या लाल नळ्यांचा. त्यातल्या ग्राफिक्स कार्डाला तर आपणच या समुद्राचा राजा, असं वाटू लागलं.

सगळं जोडून झाल्यावर शाल्मलीने नळीच्या सांध्याखाली, कार्डाच्या पाठीवर, स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर अंथरला आणि बाकी भागांना वीज न देता नुसता पाणी फिरवणारा पंप चालू केला.

"माझ्या समुद्रात हे फडकं कुठून आलं?" कार्ड फणकारलं. "तुझं इथे काय काम रे?"

"ते मला नाही कळत," कागद म्हणाला. "ताईंनी इथे पडून राहा म्हटलं, राहिलोय."

तासाभराने सांध्यातून एक थेंब सुटला. कागदाने तो गपकन पिऊन टाकला. निळा डाग दिसताच शाल्मली किंचाळली, "बाई गं! कार्डाला वीज दिली असती तर जळलंच असतं!" तिने कागद उचलला, सांधा नीट बसवला, पुन्हा तपासला.

संध्याकाळी समुद्र उजळला. घरातले सगळे कार्डाकडे बघत राहिले. कार्ड मात्र हळूच पंपाला विचारत होतं, "माझा कागद कुठे ठेवलाय रे?"