गोजराआईनं वाकवलेली शीव

फार वर्षांपूर्वी, पिठाची गिरणी कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती तेव्हा, घरोघरी जाती होती आणि जात्यांना दात होते. दगडाचेच दात ते, दळून दळून झिजायचे. मग पीठ जाडंभरडं पडायचं, भाकरी थापताना चिरायची, आणि जेवायला बसलेला गडी दगडाला सोडून बायकोलाच बोल लावायचा. अशा वेळी गल्लीत हाक आली, ‘जात्याला टाकीऽऽ लावा टाकी!’ की बायकांचा जीव भांड्यात पडायचा. छिन्नी-हातोडी घेतलेली टाकीवाली घरात यायची, जात्यापुढं फतकल मारायची आणि ठकठक, ठकठक करत दगडाला पुन्हा दात काढून द्यायची. आमच्या खडकवळ्याला अशी एक टाकीवाली लाभली होती. तिचं नाव गोजराआई. तिनं जात्यांना टाकी लावली तशी गावालाही लावली, असं म्हणतात.

गोजराआई खडकवळ्याची नव्हती. ती वरच्या मुलखातली. तिकडं पावसानं पाठ फिरवली, विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा तिथली माणसं गाढवांवर बिऱ्हाड लादून खाली उतरली. नेमकं तेव्हाच खडकवळ्याला ओढ्यावर बांध घालायचा होता आणि दगड फोडायला हात मिळत नव्हते. हैबतराव पाटलांनी पारावर उभं राहून, सगळ्या गावादेखत या लोकांना शब्द दिला, ‘बांध उभा करा. घराला जागा देऊ, पाण्याची पाळी देऊ. तुम्ही गावचेच.’ माणसांनी बांध उभा केला. तो अजून आहे, त्यावरून बैलगाडी जाते. बांध घालणारी माणसं मात्र बांधाखालच्या माळावर पालं ठोकून राहिली होती, ती तशीच राहिली.

कारण शब्द द्यायला पाटील कधी मागं हटत नसत, पण पाळायची वेळ आली की त्यांच्याकडं एकच उत्तर असायचं, ‘बघू.’ आता लगेच हैबतरावांच्या नावानं बोटं मोडू नका. माणूस वाईट नव्हता. हसतमुख होता, दारातून कुणाला उपाशी जाऊ देत नव्हता. पण ‘नाही’ म्हणायचं धाडस नव्हतं आणि ‘हो’ म्हणून उठायचा कंटाळा होता. या दोहोंच्या मध्ये ‘बघू’ची गादी अंथरून ते सुखानं लोळत होते. अशी माणसं आपल्याही ओळखीची असतात, निवडूनही येतात.

गोजराआईला मात्र लोळायला वेळ नव्हता. तिची सगळी बाळंतपणं वाटेवर झाली होती, कुठं बाभळीखाली, कुठं गाढवाच्या आडोशाला. त्यातली एकटी बायडा जगली. आता बायडा पोटुशी होती, आणि गोजराआईनं एकच गोष्ट मनाशी धरली होती. हे लेकरू वाटेवर जन्माला यायचं नाही, गावात यायचं, गावचं म्हणून यायचं. एवढंच तिचं मागणं होतं. ते घेऊन ती पाटलांकडं चारदा गेली. पाटलांनी चारदा गूळ-पाणी दिलं आणि चारदा ‘बघू’ म्हणाले.

मग ती जायची थांबली आणि आपलं काम करत राहिली. पण तिचं काम साधं नव्हतं. दगडावर टाकी चालू असली की बाई मोकळी बोलते, कारण त्या ठकठकीत ओसरीवरच्या सासूला काही ऐकू जात नाही. गोजराआई ठोकत राहायची आणि विचारायची, ‘काय गं बाई, तुझं काय अडलंय?’ एका घरात कळलं, ओढ्याच्या उताराला पायऱ्या मागितल्या तर पाटलांनी ‘बघू’ म्हटलंय आणि त्या उतारावरून दर पावसाळ्यात कुणीतरी घागरीसकट घसरतं. दुसऱ्या घरात एका विधवेच्या परड्याची भिंत कुणी आत ढकलली होती, तिथंही ‘बघू.’ आणि पाटलांच्या खुद्द वाड्यात पाटलीणबाई, आवडाबाई त्यांचं नाव, कपाळाला हात लावून म्हणाल्या, ‘अगं, लगीन होऊन आले तवापास्नं न्हाणीची मोरी तुंबतीया. मला बी बघूच म्हणत्यात.’ गोजराआई खूप हसली. तिला वाटत होतं, ‘बघू’ फक्त परक्यांच्या वाट्याला येतो. इथं तर सगळ्या गावाला तो सारखा वाटलेला निघाला.

गोजराआईला गाता गळा नव्हता, असं म्हणतात. पण तिनं एक ओवी जुळवली आणि टाकी लावलेल्या प्रत्येक जात्यापाशी ठेवून आली.

बघू बघू म्हणताना गं, बांधाला आलं शेवाळ
पाटीलदादा सांगा आता, कवा उगवंल सकाळ

ओवी ही अशी चीज आहे की ती दुसऱ्याच्या घरात गेली की तिथलीच होते. जिला पायऱ्या हव्या होत्या तिनं त्यात पायऱ्या घातल्या, जिची भिंत गेली होती तिनं भिंत घातली. रोज पहाटे या टोकापासून त्या टोकापर्यंत गाव दळायला लागलं की ‘बघू बघू’ची नुसती घरघर उठायची. पाटलांनी कानांवर घोंगडी ओढली तर ऐन त्यांच्या माजघरातून आवाज यायचा,

बघू बघू म्हणताना गं, न्हाणीत तुंबलं पाणी
धनी माझे राजे सांगा, कवा फळंल ही वाणी

पाटील वैतागले. त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी आगीत तेल ओतलं. यंदा बांधात पाणी थोडं आहे, म्हणाले, त्यात माळावरच्यांनी पाळी मागितली तर आपल्या उसाचं काय? आणि हे गाणं त्या टाकीवालीचंच आहे. लोकांना घालवा, गाणं आपोआप जाईल. पाटलांना ते पटलं. पण दवंडीत ‘बांध घालणारी माणसं’ असं नाव घ्यावं तर सगळ्या गावाला पारावरचा शब्द आठवणार. म्हणून त्यांनी डोकं चालवलं आणि नाव न घेता दवंडी दिली, ‘ऐका हो ऐकाऽ, ज्याचा जन्म या गावच्या शिवेत झाला नाही, त्यानं चैती पुनवेला शीव सोडावी होऽ!’ आपण फार चतुराई केली, असं वाटून पाटील त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

माळावर रडारड झाली. बायडाचे दिवस भरत आले होते. गोजराआईनं डोळे पुसले, छिन्नी उचलली आणि गावात गेली. ज्यांच्या जात्याला मागच्या महिन्यात टाकी लावली होती त्यांच्याही घरी गेली. ‘अगं, आत्ताच तर लावलीस,’ बायका म्हणायच्या. ‘असू दे, जाता जाता फुकट लावते,’ ती म्हणायची. आणि ठोकता ठोकता एकच विचारायची, ‘बाई, तुझा जन्म कुठला गं?’ उत्तर ऐकायची, मान डोलवायची आणि पुढच्या घरी जायची. दुसरं एक अक्षर बोलली नाही, असं म्हणतात.

चैती पुनवेची सकाळ झाली. माळावरची पालं उतरली, गाढवं लादली गेली. पाटील वाड्याच्या दारात उभं राहून बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत नव्हतं. तेवढ्यात मागून आवडाबाई बाहेर आल्या. डोक्यावर गाठोडं होतं.

‘कुठं निघालीस?’ पाटलांनी विचारलं.

‘दवंडी ऐकली न्हाई व्हय? माझा जन्म नदीपल्याडचा. पाटलाच्या घरानंच पाटलाचा हुकूम मोडला, तर लोक काय म्हणतील?’

त्यांच्या मागून काठी टेकत पाटलांची म्हातारी आई आली. पाटील धावले. ‘आये, तू तरी थांब!’

म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. ‘मी बी बाहेरचीच की रं बाबा. तुज्या बानं वाजतगाजत आणली मला. सासूनं छळलं, नणंदांनी बोल लावलं, पण शीव सोड असं कुणी म्हणलं न्हवतं. आज पोटच्या पोरानं म्हणलं.’

पाटलांनी गल्लीत पाहिलं तर दारादारातून बायका निघाल्या होत्या. ही खालच्या खोऱ्यातून आलेली, ती घाटावरची, कुणी दोन कोसांवरची, कुणी आठ दिवसांच्या वाटेवरची. परणून आणलेली एकही बाई गावात उरली नाही. सुईण गेली, देवळात दिवा लावणारी गेली, तान्ह्या पोरांना काखोटीला मारून आया गेल्या. गावात राहिले कोण, तर गडी, आणि ‘आमचं लगीन झालं की आमी बी जाणार’ म्हणत दारात बसलेल्या पोरी.

दुपारपर्यंत गड्यांना भूक लागली. त्यांनी जात्यांना हात घातला. कुणाचा खुंटाच हातात आला, कुणाचा वरचा दगड जागचा हलेना. आणि मग, असं म्हणतात, कुणी हात न लावता सगळ्या गावातली जाती आपोआप घुमायला लागली. शब्द नव्हते, नुसती चाल होती. पण शब्द सगळ्यांना पाठ होते. आता माझं विचाराल तर उपाशी पोटाला काहीही ऐकू येतं. पण सगळ्या गावाला एकच चाल कशी ऐकू आली, याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असलं तर सांगा.

गडी शिवेकडं निघाले. सगळ्यांत पुढं पाटील होते.

शिवेवर तेव्हा एक शेंदूर लावलेला मोठा धोंडा होता. धोंड्याच्या पलीकडं हिवराच्या झाडाखाली गावच्या बायका आणि माळावरची माणसं एकत्र बसली होती. झाडाच्या बुंध्यापाशी काही बायकांनी पदर धरून आडोसा केला होता आणि आतून बायडाच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

पाटील धोंड्याच्या अलीकडं थांबले. ‘चला घरी,’ ते म्हणाले. ‘दवंडी तुमच्यासाठी नव्हती.’

‘मग कुणासाठी व्हती?’ आवडाबाईंनी विचारलं.

पाटलांनी पागोटं सारखं केलं. उत्तर द्यायचं तर पारावरचा शब्द तोंडानं आठवावा लागणार होता. आडोशातून गोजराआई बाहेर आली. हात ओले होते, केस सुटले होते. चारदा मागितलेलं तिनं पाचव्यांदा मागितलं.

‘पाटील, लेकीची वेळ झालीया. माझी सारी लेकरं वाटंवर झाली अन् ही एक सोडून वाटंवरच ऱ्हायली. ह्ये एक मला आत पायजे. शब्द दिला व्हता तुमी. देता का?’

पाटलांच्या तोंडात सवयीनं ‘ब’ आला. सगळ्या बायकांनी तो पाहिला. म्हातारीनं काठी आपटली. आणि हैबतराव पाटलांनी तो ‘ब’ गिळला, असं म्हणतात. गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘दिला होता,’ ते म्हणाले. ‘पाळला नाही. चुकलो. जागा दिली, पाळी दिली. घ्या पोरीला आत.’

आडोशातून सुईण ओरडली, ‘आता न्हाई हलवता येत! एक पाऊल बी न्हाई!’

शीव दहा पावलांवर होती आणि पोरगी जागची हलू शकत नव्हती. गोजराआईनं एकदा बायडाकडं पाहिलं, एकदा धोंड्याकडं पाहिलं. कमरेची छिन्नी काढली आणि धोंड्याच्या बुडाशी घाव घातला. पाटलांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोक्याचं पागोटं काढून आईच्या हातात दिलं आणि धोंड्याला खांदा लावला. मग ज्यांनी उसाची काळजी केली होती तेही आले. माळावरचे आले. गावचा कोण आणि बाहेरचा कोण, हे त्या रेटारेटीत कुणाला कळलं नाही.

तो धोंडा आधी आठ बैलांना हलला नव्हता. पण गोजराआईचा तिसरा घाव बसला आणि तो कुशीवर वळणाऱ्या म्हाताऱ्यासारखा हलला. मग स्वतःहून गडगडत निघाला, हिवराला वळसा घालून, बायकांना वळसा घालून, आणि बायडाच्या पायांपलीकडं जाऊन बसला, असं म्हणतात. तो बसला आणि लेकरू रडलं. मुलगी होती. ती खडकवळ्याच्या शिवेत जन्मली.

शेजारच्या गावाची जमीन त्यात थोडी आली, हे खरं. पण त्या गावानं तक्रार केली नाही. आमच्या कितीतरी लेकी त्या गावात दिलेल्या होत्या. त्यांनी गाठोडी बांधायला घेतली असती तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं त्या गावानं ठरवलं. शहाणं गाव.

माळावर घरं झाली. पाण्याची पाळी मिळाली, ओढ्याला पायऱ्या झाल्या, विधवेची भिंत जागेवर गेली. न्हाणीची मोरी पाटलांनी स्वतःच्या हातानं खणली, आणि वाकडी खणली, म्हणून आवडाबाई मरेपर्यंत हसत होत्या. गोजराआई पुढं खूप वर्षं जगली आणि आपल्या घरात, उंबऱ्याच्या आत, नातीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

आजही आमची शीव त्या जागी वाकडी आहे. मोजणीला आलेला माणूस दरवेळी विचारतो, हा बाक कसला? आम्ही त्याला चहा देतो आणि बसवून ही गोष्ट सांगतो.

चैती पुनवेला, जी जी माणसं बाहेरून गावात आली, ती धोंड्याच्या पलीकडं जाऊन उभी राहतात. नव्या सुना, शाळेचे मास्तर, दवाखान्यातली नर्स, वीटभट्टीवरची बिऱ्हाडं. धोंड्याच्या अलीकडं सरपंचानं उभं राहायचं, अनवाणी. पलीकडून एकेकानं विचारायचं, वर्षभरात काय म्हणाला होतात आणि काय केलंत? त्याचं उत्तर मिळालं की सरपंचानं हात पुढं करून ‘आत या’ म्हणायचं. सगळी माणसं आत आल्याशिवाय कुणाच्या घरी तव्यावर पोळी पडत नाही. मागच्या खेपेला सरपंच बाईच होत्या, परगावाहून आलेल्या. त्या आधी पलीकडं गेल्या, स्वतःचा प्रश्न स्वतःला मोठ्यानं विचारला आणि मग अलीकडं येऊन उत्तर दिलं.

सगळ्यांत शेवटी भट्टीवरची एक बाई उरली होती, दूरच्या मुलखातली, आपली भाषा न येणारी. तिनं काखेतलं मूल सावरलं, रिकामी घागर पुढं केली आणि नुसतं गावाच्या नळाकडं बोट केलं. सरपंचबाई दमल्या होत्या, ऊन चढलं होतं. त्या सवयीनं म्हणाल्या, ‘ब...’

सगळं गाव एकदम खाकरलं.

सरपंचबाई हसल्या, धोंड्यापलीकडं गेल्या आणि तिची घागर स्वतःच्या कमरेवर घेतली. ‘चल,’ त्या म्हणाल्या, ‘आत्ताच.’