रुपसानं तळं बाटवलं

फार वर्षं झाली त्याला. तिकडे हिमालयात, पहाडांच्या ओंजळीत सुरेथ नावाचं गाव होतं आणि गावाच्या उंबऱ्याशीच एक तळं. हिवाळ्यात ते असं गोठायचं की वरून लादलेलं खेचर चालत जावं. पुरुष पहारीनं बर्फाला भोकं पाडायचे, गळ सोडायचे. खिंड उघडून धान्य येईपर्यंत गाव त्या माशांवर जगायचं.

गावात एक नियम होता. बाईनं बर्फावर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की तळं बाटलं! मग पुरुषांनी गळ, टोपल्या तिथंच सोडून, क्षमा मागत, पोटावर सरपटत काठाला यायचं. बाई बर्फावर असताना जो दोन पायांवर उभा राहील त्याचा वंश बुडेल. नियम कुणी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मोडायची छाती मात्र कुणाची नव्हती.

त्या गावात रुपसा राहायची. आईबाप गेलेले, मातबर नावाचा धाकटा भाऊ तिनंच वाढवला, लाडानं त्याला ती भुला म्हणायची. रोज सकाळी ती काठावरच्या दगडावर बसून कडेच्या भोकातून पाणी भरायची. पौषात तिथला बर्फ काचेसारखा फुटायचा. पण त्या साली फाल्गुनात एका सकाळी तिनं तुकडा उचलला आणि तो मुठीतच पेंढीसारखा सुटला. नुसत्या उभ्या काड्या! तीन रात्री गारठाही पडला नव्हता.

ती तशीच पुरुषांकडे धावली. गावचा पधान, म्हणजे मुखिया, कलमसिंग पहार घेऊन बर्फ मोजत होता.

"दीड वीत भरला," तो म्हणाला. "पौषात एक वीत होता, तेव्हा नाचलो आम्ही यावर."

"जाडी नका बघू, काका. आतून सुटलाय तो."

"तू तुझी घागर बघ, पोरी. आता बायका शिकवणार आम्हाला मासे धरायला?"

सगळे हसले. मातबरही हसला. "दीदी, घरात पीठ आहे मूठभर. तू भाकरी भाज, मासा मी आणतो."

अठरा जण गेले. मातबर सगळ्यांच्या पुढे, पार मध्यावर.

रुपसा दगडावर उभी राहिली. ऊन चढलं. हिवाळाभर कडाडणारा बर्फ त्या दिवशी गप्प होता. बोलणारं तळं धरतं, गप्प तळं गिळतं, असं म्हणतात. तिनं हाका मारल्या. त्यांनी हात हलवले. घाबरून पळाले असते तरी पायांखाली बर्फ फुटून बुडालेच असते. काय करावं? आणि तिला तो नियम आठवला.

तिनं पायातलं काढलं आणि बर्फावर पाऊल ठेवलं.

"रुपसानं तळं बाटवलं!" कलमसिंग ओरडला. धडाधड माणसं पोटावर पडली. "मेले, गाव उपाशी मारलंस!" शिव्या देत, क्षमा मागत सगळे सरपटू लागले. त्यांच्या पोटाखाली बर्फ झोळीसारखा वाकला, पण फाटला नाही.

एकटा मातबर उभा होता. "दीदी, मागं फिर!" तो तिच्याकडे धावणार, तोच ती कडाडली, "झोप, भुला! वंश बुडवतोस आपला?"

तो आडवा झाला.

आता तिला परतता येत नव्हतं. ती काठावर गेली की हे सगळे उठणार, पळणार. म्हणून ती चालतच राहिली, सगळ्यांना दिसेल अशी ताठ. घोट्यापर्यंत पाणी आलं, तरी उभीच. एकेक जण दगडाला लागला. सगळ्यात शेवटी मातबरचा हात लागला.

तेव्हा तळं एकदाच बोललं.

पाणी उसळलंसुद्धा नाही, असं म्हणतात. झोपलेलं लेकरू ठेवावं तसं बर्फानं तिला खाली ठेवलं. आणि खिंड उघडेपर्यंत नऊ दिवस मासे आपण होऊन त्या दगडापाशी येत राहिले, असंही म्हणतात. कलमसिंग मात्र संध्याकाळपर्यंत काठावर पोटावरच पडून होता. ऊठ म्हणायला कुणी गेलं नाही.

सुरेथमध्ये आता बर्फावरचं पहिलं पाऊल बाईचंच असतं. आणि फाल्गुन लागला की रोज सकाळी एक बाई त्या दगडावर बसून बर्फ मुठीत धरते. पुरुष मागं थांबतात. बर्फ काचेसारखा फुटला तर ती म्हणते, "जा." पेंढीसारखा सुटला तर काही न बोलता मूठ उघडून दाखवते. वीत कुणी मोजत नाही. पुरुष गळ गुंडाळतात आणि तिथंच काठावर, पधानासकट, एकदा पोटावर झोपतात.

हसत कुणी नाही.