जांभई देऊन पाणी पिणारी सशीण

फार जुनी गोष्ट आहे, वाघांना थोडीफार लाज होती तेव्हाची. एका अंधाऱ्या गुहेत वाघ बापलेक आळीपाळीने राहत. दोघांची डरकाळी तीच, मिजासही तीच. फरक एवढाच, की म्हाताऱ्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता आणि त्याला गप्पांची भारी हौस होती.

गुहेत गार पाण्याचा झरा होता. बाहेर कातळातून नुसते थेंब झिरपायचे. ते चाटत बसलं तर तहान भागेपर्यंत ऊन डोक्यावर यायचं. पण पाणी पोटात गेल्याशिवाय चिमणाबाई सशिणीला पिलांसाठी दूध कुठून येणार?

"खुशाल आत जा, वहिनी," झाडावरून माकड म्हणालं. "काल मी स्वतः पाहिलं, म्हातारेबुवाच आहेत."

"काल होते हो, भावजी. मला आत्ता जायचंय."

पळायला जागा ठेवून चिमणाबाई दारासमोर बसली आणि तिने ऐसपैस जांभई दिली. जांभईच ती, आतल्यालाही आली. दात काही चमकले नाहीत, तेव्हा ती रामराम करत आत शिरली. मग हा तिचा शिरस्ताच झाला. दात चमकले, की ती बाहेरचे थेंब चाटायची.

एके दिवशी आतून जांभई आली खरी, पण तोंडावर पंजा धरून!

"बघा, काय ती रीतभात!" माकड म्हणालं. "आता तरी जा!"

चिमणाबाई कातळाकडे वळली. "भावजी, बोळक्या तोंडात झाकण्यासारखं असतं काय?"

तोच गुहेतून करकर दात खाल्ल्याचा आवाज आला.