साळिंदरबुवांची एकच मुळी

बोरी-बाभळींच्या एका रानात एक उंदरीण राहत असे. तिला सहा पिल्ले झाली, पण दूध काही उतरेना. शेजारणी आळीपाळीने पाजत, पण सहा तोंडांना ते पुरणार किती! शेवटी ती साळिंदरबुवांकडे धावली. मुलांनो, हे साळिंदरबुवा म्हणजे रानातले नामांकित वैद्य! त्यांची मुळी खाल्ली आणि दूध आले नाही, असे आजवर घडले नव्हते. पथ्य मात्र कडक. मुळी खाऊन तीन दिवस बिळाबाहेर पाऊल टाकायचे नाही. दाणापाणी शेजाऱ्यांनी आणून द्यायचे.

पण दारात आणखी एक बाळंतीण आधीच येऊन बसली होती, आणि मुळी उरली होती एकच. "आधी आली तिला," असे म्हणून बुवांनी ती तिला देऊन टाकली. आपली उंदरीण रडकुंडीला आली. "मग माझ्या लेकरांनी काय माती खायची, बुवा?"

तिथे एक म्हातारी घूस बसली होती. भारी चौकस! दहा प्रश्न विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. ती म्हणाली, "बुवा, मुळी न खाता नुसतं पथ्य कुणी पाळलंय का हो?"

"मुळीशिवाय पथ्य? पाळण्यात पोर नसताना बारसं करतात का, घूसमावशी?"

"तुम्ही नवी मुळी आणेस्तोवर पोरीला निवांत बसू तर द्या!"

बुवा तणतणत डोंगराकडे निघाले. इकडे घुशीने उंदरिणीला बिळात बसवले. "दाणे शोधायला बाहेर पडलीस तर माझ्याशी गाठ आहे!" शेजारणींनी दोन्ही बाळंतिणींना सारखीच ज्वारी, सारखेच शेंगदाणे पोचवले. मुळी खाल्लेलीला तिसऱ्या दिवशी पहाटे दूध आले. ते कळताच आपल्या उंदरिणीचा धीरच सुटला.

थोड्या वेळाने तिची पिल्ले एकदम गप्प झाली. ती घाबरून वळली. बघते तर काय, सहाही जण तिलाच लुचत होते आणि त्यांच्या मिशांवर दूध! "आलं गं बाई, आलं!" ती हसू लागली, रडूही लागली. साऱ्या बिळांतून शेजारणी नाचत आल्या.

तेवढ्यात मातीने माखलेले बुवा मुळी घेऊन पोचले आणि बघतच राहिले. "अरे देवा! म्हणजे इतकी वर्षं मी उगाच डोंगर पोखरतोय?"

"इतक्यात तसंही म्हणू नका," घूस म्हणाली. "एकीवरून काय कळतं? पुढच्या खेपेला पाच जणींना मुळी देऊ, पाच जणींना नुसता आराम. मग बोलू."

बुवा काटे खुळखुळेपर्यंत हसले. हातातली मुळी त्यांनी स्वतःच कचाकचा खाऊन टाकली आणि बिळात शिरता शिरता म्हणाले, "तीन दिवस आता मीही बाहेर येत नाही. शेजाऱ्यांनो, दाणापाणी आणा!"

तात्पर्य : औषध घेणाऱ्याला गुण आला, एवढ्यावर हुरळून जाऊ नये, न घेणाऱ्याचे काय झाले, तेही पाहावे.