बाजेमागचे तिघे

एकदा काय झालं, वैशाख असा तापला, असा तापला, की विहिरीवर आलेले कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसायचे. तुम्हाला आत्ता उकडतंय ना, ते काहीच नाही. डोक्यावर पंखा फिरतोय, तरी कुरकुर! त्या गावात पंखा नव्हता की वीज नव्हती. होता तो नुसता वारा, आणि तोही आठ दिवसांपासून पडलेला. पिंपळाचं पान हलेना, बरं का.

त्या गावात गोंदजी नावाचा एक माणूस राहायचा. तो बाजा विणायचा. लाकडाचे चार पाय, चार दांडे आणि मध्ये अंबाडीच्या दोरीची घट्ट वीण. अख्खं गाव त्यानं विणलेल्या बाजांवर झोपायचं. त्याला एक मुलगी होती, धुरपा. नऊ वर्षांची, आणि तुमच्यासारखीच, एका जागी बसेल तर शपथ. आणि धुरपेला होता एक भाऊ, भिवा. एवढासा. तीन महिन्यांचा.

तर या भिवाला झोपच लागेना. तीन दिवस झाले, तीन रात्री झाल्या. अंगभर घामोळं, रडून रडून आवाज बसलेला. दूध तोंडात घेईना. पदरानं वारा घालून घालून आईचे हात भरून आले. मग सुईणबाई येऊन बघून गेली. जाताना दारात गोंदजीला हळूच म्हणाली, "लेकराला झोप पाहिजे, गोंदा. अजून दोन रात्री अशाच गेल्या, तर माझ्या हातात काही नाही."

धुरपेनं ते ऐकलं. मोठ्यांना वाटतं पोरं झोपलीत. पोरं कसली झोपतात!

आता त्या गावची एक रीत होती. उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजा टाकून निजायचे. आणि वर उत्तरेला सात तारे दिसतात ना, चार चौकोनात आणि तीन मागे, ती म्हणे एका म्हातारीची बाज. म्हातारी वर निजलेली, आणि मागचे तिघे चोर तिची बाज पळवायला निघालेले. म्हणून निजण्याआधी घराघरातून लोक ओरडायचे, "म्हातारेऽ, जागी राहा गंऽ, चोर आलेऽ!" एकदा ओरडायचे आणि गुडुप झोपायचे. माणसं चांगली होती हो. पण त्या वर्षी उकाड्यानं कुणाचा डोळाच लागेना. मग कूस बदलली की ओरड, पाणी प्यायला उठलं की ओरड. रात्रभर आपलं चालू, चोर आले, चोर आले.

त्या रात्री धुरपेला भिवाचं रडणं ऐकवेना. ती गुपचूप उठली आणि गावामागच्या टेकडीवर गेली. एकटी, अनवाणी. तुम्ही असलं काही करायचं नाही, आधीच सांगून ठेवते. तिला भीती वाटली का? वाटली तर! पण भिवा जाईल ही भीती त्याहून मोठी होती. टेकडीवर एखादी तरी झुळूक सापडेल, ती परकराच्या ओच्यात बांधून घरी नेऊ, असं तिला वाटलं. वेडं पोर.

टेकडीवरही वारा नव्हता. मग धुरपा एका दगडावर उताणी पडली आणि आभाळाकडे बघत राहिली. बघते तर काय, बाजेवरची म्हातारी उठून बसलेली आणि डोळे चोळतेय!

"कोण गं तू?" म्हातारीनं विचारलं.

"मी धुरपा, गोंदजी बाजवाल्याची. आजी, वारा कुठे गेला गं?"

"वारा कुठला, बाई! मी झोपले की घोरते. माझं घोरणं म्हणजेच तुमचा वारा. आठ दिवस झाले, जरा पाठ टेकली की खालून कुणीतरी ओरडतंय, चोर आले म्हणून. मग मी दचकून उठते."

धुरपेला रडूच आलं. "तू झोप ना, आजी. माझा भाऊ मरेल गं."

"मला काय झोप नकोय? पण मी झोपले नि बाज गेली, तर या वयात मी जाऊ कुठे?"

धुरपेनं नाक पुसलं. म्हणाली, "उद्या मी इथे राखणीला बसते. आणि गावाला गप्प करते."

बोलून तर बसली. मग सकाळी गेली गुरवमामांकडे. ते म्हणाले, "आमचा पणजा ओरडायचा, आम्हीही ओरडणार." मग गेली पाटलीणबाईंकडे. त्या म्हणाल्या, "आम्ही गप्प बसलो आणि बिचारीची बाज गेली, तर पाप कुणाच्या माथी?" मग तिनं बापाला सांगितलं. बापानं तिच्याकडे बघितलं, झोळीतल्या भिवाकडे बघितलं. खरं का खोटं, काही विचारलं नाही. पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि घरोघर गेला. म्हणाला, "माझ्या बाजेवर निजता ना? मग एक रात्र माझ्यासाठी तोंड मिटा."

आता याला नाही कोण म्हणणार? पाटलीणबाईंनी धुरपेच्या हातात एक काशाची थाळी दिली. म्हणाल्या, "चोरांनी बाजेला हात लावला की बडव. आम्ही आहोतच ओरडायला."

मग रात्र झाली. धुरपा एकटी टेकडीवर. मांडीवर थाळी, हातात काठी. खाली गाव चिडीचूप. वरून म्हातारीनं विचारलं, "आहेस का गं?" धुरपा म्हणाली, "आहे. झोप." थोड्या वेळानं पुन्हा, "आहेस ना?" "आहे ना. झोप की." तिसऱ्यांदा म्हातारीनं विचारलंच नाही. आणि मग, बरं का, आधी गवताची टोकं हलली. मग पिंपळ सळसळला. मग वारा टेकडी उतरून गावात शिरला, अंगणाअंगणातून फिरला आणि भिवाच्या झोळीपाशी गेला. बसक्या आवाजातलं ते रडणं हळूहळू थांबलं.  

पण मध्यरात्र उलटली, आणि बाज कलायला लागली. पश्चिमेला, खाली, खाली. मागचे तिघे बाजेला अगदी चिकटलेले. धुरपेनं काठी उगारली. मारली तर म्हातारी उठणार, वारा पडणार, भिवा रडणार. आणि सुईणबाईनं सांगितलेल्या दोन रात्रींतली ही शेवटची. न मारली तर म्हातारीची बाज जाणार, आणि राखणीला बसेन असा शब्द तर धुरपेनंच दिलेला.  करावं काय त्या पोरीनं?

तिनं पुन्हा नीट बघितलं. बाजवाल्याची पोर ती. भिवाच्या वेळी आई टेकडीपलीकडे माहेरी अडली होती, तेव्हा बाप आणि दोन काका तिला बाजेवर घालून हाच टेकडीचा उतार उतरले होते. पुढचे दांडे शेजाऱ्यांनी धरले होते, आणि उतारावर हे तिघं मागून बाज धरून, मागे रेलून, पाय रोवत चालत होते. का? तर आई घसरू नये म्हणून. आणि हे वरचे तिघे? हेही तसेच मागे रेललेले. ते ओढत नव्हते, धरून होते.

धुरपेनं काठी खाली ठेवली.

उजाडल्यावर ती टेकडी उतरली, तर पायथ्याशी बाप बसलेला. डोळे लाल.

"बाबा, तुम्ही कधी आलात?"

"तुझ्या मागोमागच," गोंदजी म्हणाला. "एकटीला सोडतो होय!"

गावात सगळे उन्हं अंगावर आली तरी घोरत होते. पाटलीणबाई तेवढ्या उठून वाट बघत होत्या. "आले होते का गं चोर?"

"चोर नाहीत ते, मावशी. म्हातारीची पोरं असतील. ती पडू नये म्हणून धरून चालतात."

पाटलीणबाई मटकन पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे उगाच ओरडून ओरडून तिला आम्हीच झोपू दिलं नाही." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात भिवा उठला आणि भुकेनं असा ओरडला, की उरलेलं गावही उठलं! पोटभर दूध प्याला. पुढे चांगला दांडगा झाला, बापाबरोबर बाजा विणायला लागला. गावानं पुन्हा कधी म्हातारीला हाक मारली नाही. ती सुखानं घोरली, आणि गाव सुखानं निजलं.

चला, मिटा आता डोळे. चोर नाही नि काही नाही. मी आहे इथे.