उकिडवे गुरुजींचं कलम

दोष सगळा उकिडवे गुरुजींचाच. निवृत्त झाले, तरी दुसऱ्यांना शिस्त लावायची खाज काही गेली नाही. भाडेकरारात त्यांनी स्वतःच कलम घातलं होतं : "मालक असो वा भाडेकरू, घर सोडण्याची नोटीस दोन महिने आधी, लेखीच द्यावी." मग जावयाची बदली गावात झाली, त्याला घर हवं झालं आणि गुरुजी त्यांच्या भाडेकरू नर्स शेवंताबाईंच्या दारात गरजले, "बाई, आठ दिवसांत घर रिकामं करा!"

शेवंताबाईंच्या लेकीची दहावीची परीक्षा तोंडावर होती.

"गुरुजी, करारात दोन महिने लिहिलेत."

"ते भाडेकरूंसाठी असतं!"

"मग खाली तुमची सही कशाला? अक्षर वळणदार आहे म्हणून?"

बाईंनी कागद-पेन पुढे केलं. गुरुजींनी दोन महिन्यांची नोटीस लिहिली.

जावई दोन महिने लॉजवर राहिला. बिल गुरुजींनी भरलं.